वावेतलं मराठी भूत

बडोद्यातल्या जुन्या घरात वाढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, राजवाड्यातून निघालेलं भुयार नेमकं त्याच्याच घराखालून जातं. रावपुऱ्यात तर दर दुसऱ्या घराखालून जातं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला धान्याच्या कोठीमागची फरशी दाखवली आणि बजावलं, ही कधी उचलायची नाही, खाली भुयार आहे. आजेसासरे सरकारी पागेत होते, तेव्हा असेल बाई, म्हणून मी गप्प बसले. पुढे गटाराचं काम निघालं आणि मजुरांनी ती फरशी उचलली, तर खाली माती आणि घुशीचं बीळ. सासूबाई म्हणाल्या, "बुजवलं असणार." झालं! भुयार राहिलं ते राहिलंच.

पुढे याच भुयारांची आणि भुतांची सहल निघाली. रात्रीची. नुकतंच कॉलेज संपवलेल्या तिघाचौघांनी ती काढली होती. मांडवी दरवाज्यापाशी जमायचं, जुन्या गल्ल्यांतून चालायचं आणि शेवटी पाणीगेटच्या बाहेर एका जुन्या वावेत उतरायचं. वाव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची विहीर, जमिनीखाली मजल्यामागून मजला उतरत जाणारी. ज्या गल्ल्यांतून आम्ही जन्मभर भाजीच्या पिशव्या ओढल्या, त्याच बघायला गोत्रीकडच्या नव्या सोसायट्यांतले लोक गाड्या करून येत. तोपर्यंत सगळ्यांच्या हातात मोबाईल आले होते, पैसाही आला होता. भीतीसुद्धा आता विकत घेत होते.

आम्ही दोघी गेलो ते मात्र हौसेनं नाही. वन्संना भूत खरोखर बघायचं होतं. ते त्यांच्या यजमानांचं आहे का, ते बघायचं होतं.

असं लिहिलं की वेडेपणा वाटतो. म्हणून आधी सगळं नीट सांगते.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. कारेलीबागेत राहायच्या, दोन खोल्यांचा फ्लॅट. यजमान एका कापडाच्या मिलमध्ये फिटर. माणूस अगदी कमी बोलणारा. आमच्याकडे सणाला आले तरी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचे आणि आमचा बिघडलेला पंखा, शेगडी, काही ना काही दुरुस्त करून जायचे. सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी डबा घेऊन यायचे. डबा मिलच्या नळावर विसळून आणायचे. वन्सं सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, "माझ्या नवऱ्याचा डबा मला कधी खरकटा घासावा लागला नाही."

एक दिवस ते आलेच नाहीत.

रात्री ह्यांना घेऊन वन्सं मिलवर गेल्या, तर फाटकाला कुलूप. पहारेकरी म्हणाला, मिल बंद होऊन चार महिने झाले. चार महिने! त्या काळात बडोद्यात एकामागून एक मिली बंद पडत होत्या, ते आम्हाला माहीत होतं, पण ही पडलेली आम्हाला कळली नव्हती. आणि हे गृहस्थ रोज सकाळी डबा घेऊन निघत होते, वेळेवर परत येत होते, विसळलेला डबा ओट्यावर ठेवत होते. घरात चकार शब्द नाही. साठवलेल्या पैशांतून महिन्याच्या महिन्याला पगार म्हणून आणून देत होते, ते सुद्धा मागाहून कळलं.

पोलिसांत तक्रार दिली. दवाखाने बघितले. देवळं, धर्मशाळा, डाकोर, चांदोद, हे स्वतः नाशिकपर्यंत जाऊन आले. विश्वामित्रीच्या पुलावरून ह्यांनी किती वेळा खाली वाकून बघितलं असेल, देव जाणे. खाली मगरी. बघून करायचं काय, पण बघायचे. माणूस काही सापडला नाही. डबाही नाही.

वन्संनी कुंकू काही पुसलं नाही. कशाला पुसतील? गेले असं कोणी सांगितलं होतं? वडाला जायच्या, हळदीकुंकवाला जायच्या. पुढ्यात कोणी काही बोललं नाही, पाठीमागे बोलायचे. पण मला खरं सांगायचं तर कुंकवाबद्दल त्या कधी रडल्या नाहीत. त्यांना एकच गोष्ट खायची. मध्येच भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "वहिनी, चार महिने हा माणूस रोज दिवसभर बसत कुठे असेल गं? डबा कुठे खात असेल?" 

मुलगा तेव्हा आठवीत होता. शिकला, नोकरीला लागला, त्यानं लग्न ठरवलं. मुलगी मराठीच, वडील रेल्वेत, माणसं चांगली. आणि तिथे गाडी अडली.

अडली ती पत्रिकेवर. आता मराठी पत्रिका छापणारे बडोद्यात उरलेत किती? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक होते, त्यांच्याकडे मजकूर दिला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चढून वर आले, कागद पुढे धरला आणि म्हणाले, "काकी, मुलाच्या वडिलांच्या नावाआधी काय घालू?"

"म्हणजे?"

"श्री. घालू की कै.?"

 ते बिचारे भले गृहस्थ, सगळं गाव ओळखणारे. म्हणाले, "तसं काहीच न घालता नुसतं नावही ठेवता येईल. हल्ली ठेवतात कोणी कोणी."

वन्सं आत होत्या, बाहेर आल्या. "नवऱ्याचं नाव असं उघडं छापू? दुकानाच्या पाटीसारखं?"

"तसं नाही, ताई..."

"दोन दिवस थांबा," वन्सं म्हणाल्या.

दोन दिवसांचे पंधरा झाले. मुलगा येऊन विनवायचा. गुरुजींनी सांगितलं होतं, बारा वर्षं उलटून गेलीत, आता पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देता येतो, मग कै. लिहायला हरकत नाही. मुलीकडच्यांनी काही उघड विचारलं नव्हतं, पण मुहूर्ताच्या विधींना मुलाच्या आईनं बसायचं की दुसऱ्या कोणी, एवढं त्यांना कळायला हवं होतंच. मुलगा म्हणाला, "आई, तू काहीही सांग. पण सांग."

"मी काय देव आहे का सांगायला?" त्या म्हणाल्या.

आणि त्याच आठवड्यात त्यांच्या शेजारची मुलगी ती भुतांची सहल करून आली. सोसायटीच्या बाकावर बसून सगळ्या बायकांना रंगवून सांगत होती. शेवटी म्हणाली, "आणि मावशी, वावेतलं भूत तर मराठी आहे! मिल बंद पडलेला माणूस. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून रोज डबा घेऊन वावेत येऊन बसायचा. एक दिवस वर आलाच नाही. अजून पाळीचा भोंगा झाला का, असं विचारतो म्हणे."

वन्संनी मला फोन केला. आवाज अगदी साधा. "वहिनी, शनिवारी मोकळी आहेस?"

हे चिडले. "बहिणीला भुतं दाखवायला नेतेस? बावळट आहात की काय दोघी?" मी म्हटलं, "तुम्ही नाशिकपर्यंत शोधलंत ना? मग पाणीगेट काय लांब आहे?"  निघताना स्वतःची बॅटरी माझ्या पिशवीत घालून दिली.

मांडवीखाली दहाबारा माणसं जमली होती. नवीनच लग्न झालेलं एक जोडपं, चिवचिवणाऱ्या चार मुली, गळ्यात कॅमेरा लटकवलेले एक गृहस्थ, अमेरिकेहून आलेलं एक कुटुंब. आणि त्यात आम्ही दोघी, नऊवारी नाही म्हणून नशीब. सहल चालवणारी पोरगी पंचविशीची, जीन्समधली, गुजराती. आम्हाला बघून तिचा चेहराच उतरला. "मासी, खूप चालायचं आहे हं. आणि शेवटी पायऱ्या आहेत."

"बेटा, पायऱ्या उतरायला काही लागत नाही," वन्सं म्हणाल्या. "चढायचं बघू मग."

मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, भ्यालीस तर मला सोडून पळू नकोस."

"मी पळू? माझे गुडघे बघितलेत का, वन्सं?"

हसल्या. आणि पोरीच्या मागोमाग निघाल्या.

पोरगी बोलायची छान. थोडं गुजराती, थोडं हिंदी, मध्येच इंग्रजी. एका गल्लीत म्हणे रात्री पागेचे घोडे धावतात, टापा ऐकू येतात. मी तिथून तीस वर्षं जाते, मला स्कूटरच्या ठोकरा तेवढ्या बसल्यात. दुसरीकडे भुयाराचं तोंड दाखवलं, जाळी बसवलेलं. त्यातून गार वारा आला तशा त्या चार मुली किंचाळल्या आणि मग हसत सुटल्या. एरवी मलाही मजा वाटली असती. पण त्या रात्री गावच कसं वेगळं वाटत होतं. बंद दुकानांच्या फळ्या, वर अंधुक पिवळे दिवे, कुठेतरी टीव्हीचा आवाज. आपलं म्हणायचं गाव, आणि त्यात कोण कुठे बसतो, कोण कुठे जातो, आपल्याला काही माहीत नाही. वन्सं भराभर चालत होत्या, पोरीच्या अगदी मागे.

वावेपाशी पोचलो तेव्हा दहा वाजत आले असतील. बाहेरून काही दिसत नाही, एक भिंत आणि बाभळीचं झाड. कमानीतून आत शिरलं की पायऱ्या. पोरीनं सांगितलं, कठड्याला धरून उतरा, शेवटच्या टप्प्यावर कोणी जायचं नाही, खाली पाणी आहे.

उतरायला लागलो. एकेक टप्पा खाली गेलं की हवा बदलते. वर उकाडा होता, इथे माठात हात घातल्यासारखं गार. पारव्यांचा आणि वटवाघळांचा वास. खाली काळं पाणी, त्यावर बॅटऱ्यांचे उजेड हलत होते. मी एकेक पायरी बसत बसत उतरत होते. वन्सं कुठल्या कुठे पुढे गेलेल्या. नवरा रात्री उशिरा घरी आल्यावर बायको जशी दार उघडायला जाते ना, तशा चालल्या होत्या त्या. मला ते बघवेना.

सगळे एका टप्प्यावर उभे राहिले. पोरीनं बॅटऱ्या विझवायला लावल्या. अंधार म्हणजे हाताला हात दिसेना. मग तिनं आवाज खाली घेऊन ती गोष्ट सांगितली. मिल बंद पडली, घरी बायको, शाळेत जाणारा मुलगा, सांगायचं कसं? रोज डबा घेऊन हा इथे यायचा. दुपारी जेवायचा. संध्याकाळी भोंग्याच्या वेळी वर जायचा. पण भोंगा तर वाजतच नव्हता, तेव्हा वेळ कळायची कशी? एक दिवस तो वाट बघत राहिला आणि खाली, अजून खाली उतरत गेला...

"आता कोणीतरी त्याला हाक मारा," ती म्हणाली. "तो उत्तर देतो."

अंधारात कोणीतरी खुसखुसलं.

आणि माझ्या पुढून आवाज आला, "अहो!"

वन्संनी काय मोठ्यानं मारली नव्हती हाक. स्वयंपाकघरातून माजघरात मारतात, तेवढीच. पण वावेनं ती उचलली. खालून, बाजूच्या कोनाड्यांतून, वरून, अहो, अहो, अहो. त्या चार मुली खो खो हसल्या. कोणी टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्याचा लख्खकन उजेड पडला, आणि त्या उजेडात सगळ्यांना वन्संचा चेहरा दिसला असावा, कारण हसणं मध्येच तुटलं.

त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच. मग थांबल्या. सगळा आवाज विरून जाईपर्यंत ऐकत राहिल्या, आणि मग थोडं अजून.

पोरीनं बॅटरी लावली. "मासी?"

"तू बघितलंस त्यांना?" वन्सं गुजरातीत म्हणाल्या. "कसे दिसतात? चष्मा होता?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी वर बसले होते तिथूनच म्हटलं, "बेटा, खरं असेल ते सांग. हिचे यजमान असेच गेलेत. मिल बंद, हातात डबा. आम्ही मजा बघायला नाही आलो."

तिचा एक जोडीदार होता, तो बाकीच्यांना घेऊन वर गेला. आम्ही तिघी राहिलो. ती पोरगी मटकन पायरीवर बसली. म्हणाली, "मासी, भूत नाही. मी बनवलंय ते. राण्यांची भुतं सगळीकडे असतात, म्हणून आम्ही काही वेगळं शोधत होतो. माझे पप्पा बसायचे इथे."

"इथे?"

"त्यांचीही मिल गेली होती. घरी सांगितलं नव्हतं त्यांनी. पाचसहाजण होते असे. इथे गार असतं, कोणी ओळखीचं येत नाही. पत्ते खेळायचे, डबे खायचे आणि घरी यायचे. मग एक दिवस आईला कळलं, ती भांडली, पप्पांनी रिक्षा घेतली. बस. बुडालं कोणीच नाही. ते मी जोडलं."

"आणि मराठी कुठून आणलंस?" मी विचारलं.

"पप्पा सांगायचे, त्यांच्यात एक मराठी होता म्हणून."

वन्संनी खाली पाण्याकडे बघतच विचारलं, "पप्पा आहेत?"

आहेत म्हणाली. फोन काढला. खाली नेटवर्क कुठलं! आम्ही चढलो वर. त्या दोघींनी मला अक्षरशः ओढत नेलं. कमानीच्या तोंडाशी उभं राहून तिनं फोन लावला, वडिलांना झोपेतून उठवलं आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे दमेकरी आवाजाचा माणूस. मुलीनं विचारलं, वावेत तुमच्याबरोबर जो मराठी होता, तो कसा होता?

"हा, एक मराठी भाई हता," ते म्हणाले. नाव नाही आठवत. खरं नाव कोणी सांगतच नव्हतं तिथे. कमी बोलायचा. सगळ्यांची घड्याळं दुरुस्त करून दिली होती त्यानं, बसल्या बसल्या. आणि हो, डब्यात ज्वारीची भाकरी आणायचा, दोन जास्तीच्या. आणि हिरव्या मिरचीची चटणी, अशी तिखट, की बापरे! आम्ही सगळे तुटून पडायचो. डबा झाला की तो तळाच्या पायरीवर जाऊन विसळून आणायचा.

वन्सं भिंतीला टेकल्या. खर्डा. नवऱ्यानं सांगितलं होतं, मिलमधल्या गुजराती लोकांना फार आवडतो, म्हणून त्या वाटीभर जास्त कुटायच्या, भाकऱ्या जास्त घालायच्या. मला माहीत होतं ते. आम्ही दोघींनी एकाच खलबत्त्यात कुटलाय तो कितीदा.

"मग?" वन्संनी फोनशी तोंड नेलं. "मग पुढे काय झालं, भाई?"

"पुढे काय. एक दिवस संध्याकाळी नेहमीसारखा डबा विसळून वर आला. काले मळीए, उद्या भेटू, म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. आम्ही तर खुश झालो, बेन. म्हटलं चला, एकाला तरी नोकरी मिळाली. थोडे जळलोही." मग जरा थांबून विचारलं, "कोण बोलतंय?"

वन्संनी ते सांगितलं नाही. म्हणाल्या, "चटणी भावती हती ने?"

"बहु, बेन. बहु."

फोन ठेवला. ती पोरगी रडकुंडीला आली होती. "मासी, मी उद्यापासून ही गोष्ट काढून टाकते."

"मग लोकांना काय दाखवशील? पाणी?" वन्सं म्हणाल्या. "असू दे. पण बुडाला असं नको सांगूस. रोज संध्याकाळी वर यायचा, असं सांग."

"मग भूत कसं होईल, मासी?"

"ते तुझं तू बघ, बाई."

रिक्षा मिळेपर्यंत आम्ही पाणीगेटपर्यंत चालत आलो. मला वाटलं होतं त्या रडतील. ज्या प्रश्नानं त्यांना इतकी वर्षं खाल्लं, त्याचं उत्तर तरी मिळालं. माणूस कुठे बसत होता, कळलं. डबा कुठे खात होता, कळलं. पोटभर खात होता, चार माणसांत खात होता. मी तसं म्हटलंही. "वन्सं, एकटे तर नव्हते."

रिक्षा मिळाली. सूरसागरावरून वळलो. तळ्याकाठी आइस्क्रीमच्या गाड्यांवर अजून गर्दी होती. मग त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी ह्यांनी मला मिल बंद झाली म्हणून सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं, वहिनी?"

"काय म्हणजे?"

"भांडले असते. त्या पोरीच्या आईसारखी. आणि मग रिक्षा घेतली असती." त्यांनी समोरच्या रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघितलं. "माझी चटणी सगळ्या गावाला खिलवली. मला मात्र मिलचं सांगितलं नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, पण धरलाही नाही.

"उद्या छापखान्यात सांग," त्या म्हणाल्या. "कै. घाला म्हणावं."

"वन्सं, एवढी घाई नको. आज तर काहीच तसं... गेले असं कुठे कळलं आपल्याला?"

"नाही कळलं. नाहीच कळायचं." त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "कै. छापलं, तर त्यांना येता आलं नाही असं होतं. नाही छापलं, तर त्यांना यायचं नव्हतं असं होतं. मुलाच्या पत्रिकेत मी यायचं नव्हतं असं छापणार नाही."

 

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं. मुलानं नदीकाठी गुरुजींसमोर बसून विधी केला. आम्ही बायका गेलो नाही, ह्यांनी येऊन सांगितलं. पळसाची पानं दर्भानं बांधून माणसाएवढा आकार केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पानं ओली होती, लवकर पेटेनात. हे एवढं सांगून अंघोळीला गेले आणि न्हाणीघरातून कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत. गुरुजींनी सांगितलं तेवढं सुतक पाळलं, शांत केली. मग पत्रिका आल्या. गुलाबी कागद, सोनेरी अक्षरं. वन्संनी एक हातात घेतली, लांब धरून वाचली आणि म्हणाल्या, "छपाई चांगली झालीय."

कुंकू पुसायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मुलानं तर हात जोडले, "आई, हे जुनं झालं, तू काही काढू नकोस." त्या म्हणाल्या, "पत्रिकेत एक आणि कपाळावर एक असं करू का रे?" मंगळसूत्र स्वतः काढून त्यांनी सुनेच्या दागिन्यांच्या डबीत ठेवलं.

लग्न आजवा रोडच्या एका हॉलमध्ये झालं. देवकाला मी आणि हे बसलो. वन्सं दुसऱ्या रांगेत, क्रीम रंगाची साडी, सगळ्यांकडे लक्ष, कोणाला पाणी मिळालं, कोण उपाशी राहिलं. अक्षता पडल्या. पुढे मुलीची आत्या हळदीकुंकवाची कोयरी घेऊन एकेका बाईपुढे यायला लागली. मुंबईहून आलेली, तिला कोण कोण ते माहीत नव्हतं. मी वन्संच्या शेजारीच होते. ती आली, वाकली, आणि वन्संनी सवयीनं मान वर केली. डोळे मिटून, कपाळ पुढे करून. इतक्या वर्षांची सवय ती, शरीराला कोण सांगणार?

त्या बाईचं बोट कोयरीत होतं. तिनं वन्संचा गळा बघितला आणि बोट तसंच थांबलं.

वन्संनी डोळे उघडले. क्षणभर त्यांना कळलंच नाही हात का थांबला ते. मग कळलं. हसल्या, आपणच मान खाली घेतली आणि माझ्याकडे दाखवून म्हणाल्या, "मला नको हो. वहिनींना लावा."

मी कपाळ पुढे केलं. काय करणार होते?